फंदी : एका स्नेहाचे आडनाव

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत पुतणी पुण्याहून घरी आली होती. रात्री जेवणे आटोपली की ती मोबाइलवर एक कोरियन मालिका पाहत बसे. एके रात्री मीही शेजारी बसलो. ‘विश यू’ असे मालिकेचे नाव. २०२० सालची, आठ लहान भागांची. रस्त्यावर गाणारा एक तरुण आणि एका ध्वनिमुद्रण कंपनीत कीबोर्ड वाजवणारा दुसरा तरुण. दुसरा पहिल्याचे गाणे आधीपासून मनापासून ऐकत आलेला. दोघे एकत्र काम करू लागतात आणि गाणे तयार होता होता एकमेकांच्या प्रेमात पडतात. कथा एवढीच.

शेवटचा भाग संपल्यावर पुतणीने विचारले, “काका, तुम्ही एवढी शाहिरांची बाडं चाळता. आपल्याकडे असं कोणी नव्हतंच का?”

“आपल्याकडे कुठलं असलं!” मी म्हणालो आणि झोपायला गेलो. झोप मात्र लागली नाही. मी इतिहास शिकलेला माणूस नाही. नोकरी सांभाळून, रविवारी ग्रंथालयात बसून, ज्याने त्याने दिलेली जुनी पुस्तके वाचून जे जमले ते जमवले. त्यातली बरीच वर्षे संगमनेरच्या एका शाहिराच्या मागे गेली. त्या शाहिराच्या नावातच पुतणीच्या प्रश्नाशी नाते सांगणारे काहीतरी होते आणि मी ते कधी नीट पाहिलेच नव्हते. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे.

घोलपांचा फंदी

प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसलेले संगमनेर हे नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर जिल्हा म्हणायचे) जुने व्यापारी गाव. अनंत फंदी इथला. जन्म १७४४, मृत्यू १८१९. म्हणजे पानिपताचा घाव, सवाई माधवरावाचा मृत्यू आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण, हे सारे या एका माणसाच्या आयुष्यात बसते. खर्ड्याची १७९५ची लढाई याच जिल्ह्यात झाली. तिच्यावरही त्याचे कवन आहे. पोवाडे, लावण्या, कटाव आणि विशेष करून फटके ही त्याची कमाई. ‘माधवग्रंथ’ नावाची ओवीबद्ध रचनाही त्याच्या नावावर आहे. त्याच्या काळातला दुसरा मोठा शाहीर होनाजी. त्यानेही आपल्या कवनात अनंत फंदीचा गौरव केला आहे.

पण या शाहिराचे आडनाव फंदी नव्हते. तो घोलप. वडील भवानीबावा, जात ब्राह्मणाची. मग फंदी कुठून आले? त्याच्या चरित्रात परंपरेने चालत आलेली हकीकत अशी : संगमनेरात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता. वागणे चारचौघांसारखे नाही, म्हणून लोक त्याला फंदी म्हणत. या मलिकचा आणि अनंताचा मोठा स्नेह जडला. दोघांची संगत पाहून लोक अनंतालाही फंदी म्हणू लागले.

ही हकीकत शाहिरांवरच्या बहुतेक पुस्तकांत येते, साधारण दोन ओळींत, आणि लेखक पुढे जातो. मीही तसाच पुढे जात होतो. आता त्या दोन ओळींवर जरा थांबू.

‘फंद’ हा शब्द मराठीत फारसा चांगला नाही. फंद म्हणजे नाद, खूळ, भलते व्यसन. आपण छंदीफंदी म्हणतो, ‘कशाच्या फंदात पडू नकोस’ असे बजावतो. फितुरीला जोडून फंदफितुरी होते. म्हणजे फंदी ही पदवी नव्हे, तो टोमणा होता. एका ब्राह्मण तरुणाला फकिराच्या नादी लागलेला पाहून गावाने मारलेला. माणसाला शेतावरून, धंद्यावरून, गावावरून आडनाव मिळते. इथे ते मित्रावरून मिळाले. आणि अनंताने ते झटकून टाकले नाही. कवनाच्या शेवटी शाहीर आपली मुद्रा घालतो, म्हणजे रचनेत स्वतःचे नाव गुंफतो. तिथे त्याने घोलप लिहिले नाही, फंदी लिहिले. टोमणा होता, त्याची सही झाली. पुढे त्याचा मुलगाही शाहीर निघाला. त्याला लोक सवाई फंदी म्हणत. फकिराचे नाव असे ब्राह्मणाच्या घरात पुढच्या पिढीतही नांदले.

झीलकऱ्याचा श्वास

शाहिरीत अशी संगत कशी जडत असेल, हे कळायला फडाचे काम कसे चालते ते पाहावे लागते. शाहिरी ही एकट्याने करायची कला नाही. पुढे डफ घेतलेला शाहीर, बाजूला तुणतुणे, मागे झीलकरी. शाहीर ओळ म्हणतो, तिचा शेवट झीलकरी उचलून लांबवतात. तेवढ्या अवधीत शाहीर श्वास घेतो आणि पुढची ओळ मनात जुळवतो. झील एक मात्रा आधी सुटली तर शाहीर उघडा पडतो. समोर कलगीवाला किंवा तुरेवाला प्रतिस्पर्धी फड बसलेला असेल, सवालजवाब रंगला असेल, तेव्हा तर सगळी अब्रू मागच्या माणसाच्या हाती. वर्षातले सात-आठ महिने हीच माणसे एका गाडीत, एका चुलीवर, एका धर्मशाळेत. अशा कामात जडलेल्या नात्याला केवळ धंद्याची भागी म्हणता येत नाही.

म्हणून शाहिरीत जोडनावे फार. सर्वांत प्रसिद्ध होनाजी बाळा. आजही पुष्कळ वाचकांना तो एकच माणूस वाटतो. वास्तविक होनाजी शिलारखाने हा गवळी आणि बाळा करंजकर हा शिंपी. होनाजी कवने रची, बाळा ती गाई. दुसऱ्या बाजीरावाच्या सांगण्यावरून होनाजीने रागदारीत लावण्या बांधल्या आणि बैठकीच्या लावणीला रूप आले, असे मानतात. पण त्या लावण्या दरबाराच्या कानी घातल्या बाळाच्या गळ्याने. शब्द एकाचे, आवाज दुसऱ्याचा आणि लोकांच्या तोंडी नाव मात्र एकच. व्ही. शांताराम यांनी १९५१मध्ये ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट होनाजीवर काढला, तो पुढच्या वर्षी कान महोत्सवात गेला. दीडशे वर्षांनंतरही या जोडीची गोष्ट सांगावीशी वाटत होती.

दुसरी जोडी गंगू हैबतीची. मुरूडहून आलेला प्रभाकर हा शाहीर त्यांच्या फडासाठी रचना करी आणि त्याच्या कवनांत त्या दोघांची नावे येतात. सगनभाऊ जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान, मूळचा जेजुरीचा. त्याच्या लावण्या सगळ्या पेठांत चालत. जात-धर्म ओलांडून एका डफाखाली बसलेली ही माणसे होती. मलिक आणि अनंत त्यांच्यातलेच.

बाईच्या तोंडचे शब्द

आता पुतणीच्या प्रश्नाचा अवघड भाग. मालिकेतले दोघे केवळ सोबती नाहीत, ते प्रेमी आहेत. शाहिरीत प्रेम तर ओसंडून वाहते. ते कोण कोणाला सांगते?

उत्तर पेशवाईतली शृंगारिक लावणी बहुधा बाईच्या तोंडी असते. पती मोहिमेवर गेलेला, ती एकटी झुरते; किंवा सख्याला विनवते. ती लिहिणारा पुरुष, गाणारा पुरुष आणि लुगडे नेसून, पायात चाळ बांधून ती साकार करणारा नाच्याही पुरुष. समोर बसलेले बहुतेक पुरुषच. म्हणजे पुरुषाने पुरुषाला उद्देशून गायलेले विरहाचे शब्द महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या रात्र जागवून ऐकले, त्यावर फेटे उडवले, डोळे पुसले. मात्र खेळ संपल्यावर त्याच नाच्याच्या वाट्याला टवाळी आली. आनंद यादव यांची ‘नटरंग’ ही कादंबरी (१९७८) आणि तीवरचा २०१०चा चित्रपट याच जखमेची गोष्ट सांगतात : तालमीतला पैलवान नाच्या होतो आणि घरापासून गावापर्यंत सगळ्यांच्या नजरेतून उतरतो.

नाच्याची जागा पुढे बाईने घेतली. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून परंपरा जिचे नाव घेते, ती पवळा हिवरगावकर संगमनेर तालुक्यातल्याच हिवरगाव पावसा गावची. पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी मग घराघरात पोचली.

पांढरपेशांच्या रंगभूमीवरही हेच घडत होते, फक्त त्याला प्रतिष्ठा होती. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाला. भामिनी झाले होते बालगंधर्व, धैर्यधर झाले होते केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी नाटक कंपन्यांचे मालक, दोन अव्वल गायक, एकमेकांसमोर प्रेमाची पदे गात उभे. तीनच महिन्यांनी केशवराव गेले आणि तो प्रयोग दंतकथा झाला. भूमिकेतले प्रेम म्हणजे आयुष्यातले प्रेम नव्हे, हे खरेच. या कलावंतांच्या खासगी आयुष्याबद्दल मला काहीही सुचवायचे नाही. मी बोलतो आहे ते श्रोत्यांबद्दल. पुरुषाच्या गळ्यातून दुसऱ्या पुरुषासाठी निघालेला प्रेमाचा सूर ऐकायला आपले कान तयार झालेले होते. मधे लुगड्याचा पडदा असला की झाले.

कोरियातला फड

ही गोष्ट ध्यानात आल्यावर मला कुतूहल वाटले : ज्या देशातून पुतणीची मालिका आली तिथे काय होते? शोधता शोधता नामसादांग हाती लागले. जोसन राजवटीच्या उत्तरकाळात गावोगाव हिंडणारे, केवळ पुरुषांचे खेळ करणारे फड. ढोल-झांजांचे वादन, थाळ्या फिरवणे, कोलांट्या, दोरीवरची कसरत, मुखवट्यांचे नाट्य आणि बाहुल्यांचा खेळ, असे त्यांचे सहा प्रकार. २००९मध्ये युनेस्कोने या कलेची मानवी वारशात नोंद केली. फडात नव्याने आलेल्या पोरांना बाईचा वेष देत. फडातली माणसे जोड्यांनी राहत. जोडीतल्या एकाला सुतदोंगमो आणि दुसऱ्याला आमदोंगमो म्हणत. दोंगमो म्हणजे सोबती. आधीचे उपपद नर-मादीचा भेद दाखवणारे. आपल्या तमाशातल्या माणसाने हे वर्णन ऐकले तर त्याला ते परके वाटणार नाही.

आणखी एक साम्य मला चकित करून गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आनसंग गावच्या पुरुषांच्या फडाची प्रमुख झाली बाउदोगी नावाची एक तरुण मुलगी. त्या गावात आजही तिचे नाव अभिमानाने घेतात, हिवरगावात पवळेचे घेतात तसे.

कोरियाचे समाजमन काही मोकळे नव्हते आणि आजही तिथे अशा जोडप्यांना लग्नाचा कायदेशीर हक्क नाही. पण २००५मध्ये तिथे ‘राजाचा माणूस’ अशा अर्थाच्या नावाचा एक चित्रपट आला. दोन भटके खेळिये, त्यातला एक बाईची सोंगे करणारा, आणि त्यांच्यातली ओढ. तो तिथे अफाट चालला. जुन्या फडातली गोष्ट आजच्या शब्दांत सांगायची वाट अशी तयार झाली. पुढच्या पिढीने त्याच वाटेने गिटार आणि कीबोर्डवाल्या तरुणांच्या मालिका काढल्या. म्हणजे फड त्यांच्याकडेही होता, आपल्याकडेही. त्यांनी त्या फडाकडे मागे वळून पाहिले.

‘नुसता’ कोणी घातला?

आपण मागे वळून पाहायचे तर कसे? इथे दोन चुका होऊ शकतात.

पहिली, आजचा शब्द दोनशे वर्षे मागे नेऊन मलिक आणि अनंताला चिकटवण्याची. अनंताला म्हाळसाबाई नावाची बायको होती, मुलगा होता, संसार होता. त्याच्या आणि मलिकच्या नात्याला परंपरेने दिलेला शब्द ‘स्नेह’ हा आहे. इतिहास लिहिणाऱ्याने त्या शब्दापलीकडे उडी मारू नये. तसे केले तर आपण त्यांना समजून घेत नाही, आपल्या कामाला जुंपतो.

दुसरी चूक मी त्या रात्री केली. ‘आपल्याकडे कुठलं असलं’ म्हणून मोकळा झालो. पुस्तकांत वाचलेला स्नेह मी मनातल्या मनात ‘नुसता स्नेह’ असा वाचत होतो. पण जुन्या हकिकतीत ‘नुसता’ नाही. तो आपण घातलेला आहे. त्या दोघांच्या काळी स्नेह हा दुय्यम दर्जाचा शब्द नव्हता. ज्या स्नेहापायी माणसाचे आडनाव बदलते आणि तो ते मरेपर्यंत मिरवतो, तो त्याच्या आयुष्यातला किरकोळ प्रसंग कसा म्हणता येईल?

याला एक कसोटीही लागली. अहिल्याबाई होळकरांची आख्यायिका या जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. जामखेड तालुक्यातल्या चोंडीत जन्मलेल्या, महेश्वरी राज्य करणाऱ्या अहिल्याबाईंनी अनंत फंदीला सांगितले म्हणतात, की एवढी वाणी लाभली आहे ती तमाशात घालवू नये, हरिकीर्तनात लावावी. त्याने ते ऐकले. डफ ठेवला, कीर्तनाला उभा राहिला. त्याचे उपदेशाचे फटके आज पाठ्यपुस्तकांतून पोरांच्या तोंडी आहेत. आता विचार करा. तमाशा सुटला, शृंगार सुटला, समाजात बुवा म्हणून मान मिळू लागला. टोमण्याचे नाव टाकायला याहून चांगली वेळ कोणती? अनंतबुवा घोलप म्हणवून घेणे सहज शक्य होते. पण संसारी माणसाला सन्मार्ग सांगणाऱ्या त्याच्या सर्वांत गाजलेल्या फटक्यालाही जे नाव जोडलेले आहे ते अनंत फंदी. राणीच्या शब्दाखातर त्याने डफ सोडला. फकिराचे नाव सोडले नाही.

अहिल्याबाईंचे नाव २०२४मध्ये साऱ्या जिल्ह्याला मिळाले. मलिकचे नाव कोणी कुठे दिले नाही. त्याची कवने छापील संग्रहांत नाहीत. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१मध्ये पोवाडे गोळा करून छापले, पुढे इतरांनी लावण्या छापल्या, तेव्हा शब्द रचणारे वाचले आणि शेजारी बसणारे गळाले. बाळाचे तसेच झाले असते. नाव होनाजीला चिकटलेले म्हणून तो उरला. मलिकही तसाच उरला, मित्राच्या नावात.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान माणसांमधले असे प्रेम गुन्ह्यातून बाहेर काढले. २०२५च्या जानेवारीत ‘साबर बोंडं’ हा रोहन परशुराम कानवडे यांचा मराठी चित्रपट अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या गटातले सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. बापाच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी शहरातून गावी आलेला आनंद आणि गावातच राहिलेला, लग्नाचा तगादा चुकवत असलेला बाल्या. शेरडे, रान, निवडुंगाची लाल बोंडे आणि दोन पुरुषांचे प्रेम, मधे लुगड्याचा पडदा न धरता. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. शेकडो वर्षे जे फक्त गाण्यातून आणि सोंगातून सांगता येत होते, ते आता साध्या बोलण्यातून सांगता येऊ लागले, असे मला तो पाहताना वाटले.

संगमनेरात कवी अनंत फंदी व्याख्यानमाला भरते. मी तिथे श्रोता म्हणून अनेकदा बसलो आहे. निवेदक ध्वनिक्षेपकावर ते नाव उच्चारतो, लोक सतरंजीवर सरकून बसतात, वक्ता उभा राहतो. त्या दोन शब्दांतला पहिला अनंताचा आणि दुसरा मलिकचा, हे माझ्याही मनात इतकी वर्षे कधी आले नव्हते.

गणपतीत पुतणी पुन्हा आली तेव्हा मी तिला हे सगळे सांगितले. मलिक आणि अनंत तुझ्या मालिकेतल्यासारखे होते असे मी म्हणणार नाही आणि नव्हते असेही आता म्हणणार नाही, एवढे बजावले. तिने ऐकून घेतले. मग विचारले, “त्या मलिकची कबर कुठे आहे हो काका?”

“कबरीचं नंतर बघू,” मी म्हणालो. “नाव कुठे आहे ते आधी दाखवतो. चल संगमनेरला.”